अल्ट्रा धावण्याच्या विक्रमाचा दावा कसा पडताळावा

मराठवाड्यात पहाटे धावणाऱ्यांचे गट आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी दिसतात. त्यांतील काही धावपटू ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनवर न थांबता ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, बारा तास, चोवीस तास किंवा एका तीर्थक्षेत्रापासून दुसऱ्यापर्यंत अशा पल्ल्यांकडे, म्हणजे अल्ट्रा धावण्याकडे, वळत आहेत. पल्ला वाढतो तसे विक्रमाचे दावेही येतात. कोणी जिल्ह्यात सर्वांत जास्त अंतर धावल्याचे सांगतो, कोणी एखादा मार्ग सर्वांत कमी वेळेत पूर्ण केल्याचे सांगतो, आणि सत्काराची तारीख ठरायच्या आधी गटातील एखाद्या हिशेबी, शांत स्वभावाच्या व्यक्तीकडे कागद आणि फाइली सोपवल्या जातात. हे मार्गदर्शन अशा व्यक्तीसाठी आहे. ज्या धावपटूला पुढे दावा करायचा आहे त्यानेही ते धावण्याआधी वाचावे, कारण इथे सांगितलेले बहुतेक पुरावे धावून झाल्यावर निर्माण करता येत नाहीत.

शंभर मीटरची शर्यत हजारो डोळ्यांसमोर होते. अल्ट्रा धावणे मात्र बहुतांशी प्रेक्षकांविना घडते, आणि मांजरसुंब्याच्या घाटात रात्री तीन वाजता धावपटूला पाहणारे त्याच्या सपोर्ट गाडीतील दोन-तीन जणच असतात. म्हणून या खेळात नोंद हाच प्रेक्षक आहे. प्रामाणिक धावपटूचे श्रम नोंदीअभावी वाया जाऊ नयेत, हे पडताळणीचे मोठे प्रयोजन आहे, आणि खोटा दावा पकडणे हे त्याच कामातून आपोआप साधते. या क्रमाने विचार करणारा पडताळणीकार चांगले काम करतो, असे माझे ठाम मत आहे.

पायरी १: दावा लिहून घेणे

कोणतीही फाइल उघडण्याआधी नेमका दावा काय आहे हे धावपटूकडून एका वाक्यात लेखी घ्यावे. "संभाजीनगर ते तुळजापूर सर्वांत कमी वेळेत धावलो" एवढे पुरेसे नाही. संभाजीनगरमध्ये कोणत्या चौकातून सुरुवात केली, तुळजापुरात मंदिराच्या महाद्वारापाशी घड्याळ थांबवले की गावाच्या वेशीवर, राष्ट्रीय महामार्ग ५२ ने येताना बीड शहरातून आला की बाह्यवळणाने, हे ठरल्याशिवाय त्या वेळेची दुसऱ्या कोणत्याही वेळेशी तुलना करता येत नाही. एखाद्या भागात पायी जाण्यास मनाई असेल, जशी समृद्धी महामार्गावर आहे, तर त्या भागावरून केलेला दावा पुढे तपासूच नये.

त्यानंतर साहाय्याचा प्रकार विचारावा. मार्गविक्रमांच्या क्षेत्रात तीन प्रकार वेगळे धरले जातात. पहिल्यात सोबतची माणसे वाटेत खाणेपिणे आणि कपडे पुरवतात. दुसऱ्यात धावपटू वाटेतील दुकाने, हॉटेले, नळ अशा सर्वांना खुल्या असलेल्या सोयी वापरतो किंवा आधी ठेवलेले साहित्य उचलतो, पण कोणी खास त्याच्यासाठी उभे राहत नाही. तिसऱ्यात नैसर्गिक स्रोताच्या पाण्याखेरीज सर्व काही सुरुवातीपासून स्वतःच्या पाठीवर असते. या तिन्हींच्या वेळा एका यादीत मिसळू नयेत.

वेळेबाबत नवोदितांची हमखास गफलत होते. धावण्याची ॲप्स थांबे वगळून काढलेली वेळ ठळक दाखवतात आणि धावपटू तीच वेळ सांगून मोकळा होतो. अल्ट्रामध्ये पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंतची सलग वेळ धरली जाते. जेवण, झोप, शौच, फोडांवर पट्टी बांधणे, रेल्वे फाटकापाशी थांबणे, सारे तिच्यात मोजले जाते.

दावा कोणाच्या यादीसाठी आहे हेही आत्ताच स्पष्ट करावे. ५० आणि १०० किलोमीटरच्या जागतिक विक्रमांना वर्ल्ड ॲथलेटिक्स या ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेची मान्यता असते, आणि त्यांतील ५० किलोमीटरचा समावेश १ जानेवारी २०२२ पासून झाला. चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास, सहा दिवस अशा प्रकारांच्या नोंदी १९८४ मध्ये स्थापन झालेली अल्ट्राधावपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयएयू, ठेवते. शहर ते शहर किंवा देशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे दावे सहसा गिनेससारख्या नोंदसंस्थांकडे जातात, आणि त्यांच्या अटी वेगळ्या असतात. एकीचे प्रमाणपत्र दुसरीच्या विक्रमाचा पुरावा ठरत नाही.

धावणे खरे असूनही कधीकधी विक्रम होत नाही, हेही नवोदिताने समजून घ्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीतील नार्दो येथे दक्षिण आफ्रिकेच्या सिबुसिसो कुबेका यांनी १०० किलोमीटर ५ तास ५९ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण केले. ते धावले याबद्दल कोणालाही शंका नव्हती, पण त्यांचे बूट नियमांत बसणारे नव्हते. त्यामुळे लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिन यांची २०२३ मधील ६ तास ५ मिनिटे ३५ सेकंदांची वेळच विक्रम म्हणून कायम राहिली. रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून धावपटूने कोणते बूट घातले हे दाव्याच्या कागदावर लिहून घ्यावे आणि बुटांचा फोटो जोडावा.

"मराठवाड्यातील पहिला" अशा दाव्यांबाबत विशेष सावध असावे. आधी कोणीच तसे केले नाही हे सिद्ध करता येत नाही. जुनी वर्तमानपत्रे, गटांच्या याद्या आणि ज्येष्ठ धावपटूंच्या आठवणी धुंडाळून "नोंद सापडलेला पहिला" इतकेच लिहिता येते.

पायरी २: अंतर खरोखर किती होते

पडताळणीचा खरा गाभा अंतरात आहे, आणि इथेच सर्वांत जास्त दावे अडकतात. घड्याळाने दाखवलेले अंतर हे मोजमाप नव्हे, तो अंदाज आहे. उपग्रहांवरून मिळालेला प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो. ते बिंदू जोडणारी रेघ नागमोडी होते आणि साधारणपणे प्रत्यक्षापेक्षा लांब भरते. उलट बाजूला, घड्याळ बॅटरी वाचवण्यासाठी बिंदू विरळ घेत असेल तर वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. नकाशावर बोट फिरवून काढलेले अंतरही विक्रमासाठी चालत नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीसाठी जगभर मान्य असलेली पद्धत कॅलिब्रेट केलेल्या सायकलीची आहे. सायकलीच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे गणकयंत्र बसवतात, आणि चाक फिरेल तसे त्यावरचे आकडे पुढे सरकतात. आधी पोलादी टेपने किमान ३०० मीटरचा सरळ पट्टा मोजून घेतात, त्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात हे ठरवतात, मग मार्ग मोजतात आणि शेवटी पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या मारतात. शेवटच्या फेऱ्या आपल्याकडे फार महत्त्वाच्या आहेत, कारण पहाटेच्या गारव्यात सुरू केलेले मोजमाप अकरा वाजेपर्यंत तापलेल्या डांबरावर आलेले असते. उन्हाने टायर फुगतो, चाकाचा परिघ वाढतो आणि किलोमीटरला पडणारे आकडे कमी होतात. मोजणाऱ्याच्या कागदावर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे नसतील तर ते मोजमाप अपुरे समजावे.

सायकल रस्त्याच्या मधोमध चालवत नाहीत. धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, चालवतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचे धरतात, म्हणजे १०० किलोमीटरच्या मार्गात १०० मीटर अधिक असतात, जेणेकरून पुन्हा मोजल्यावर मार्ग तोकडा निघू नये. मोजमापाचे प्रमाणपत्र मागताना त्यावर मोजणाऱ्याची श्रेणी, तारीख आणि सुरुवात-शेवटाच्या खुणांचे वर्णन आहे का ते पाहावे. "विजेच्या खांबाजवळ" हे वर्णन निरुपयोगी आहे. खांबाचा क्रमांक आणि त्यापासूनचे अंतर हवे.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या मार्गांना आणखी दोन अटी लागतात. सुरुवात आणि शेवट यांच्यातील सरळ रेषेतील अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावे, आणि एकूण उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा अधिक नसावा. संभाजीनगर ते पैठण हा सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग या कसोटीवर लावून पाहावा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि पैठण सुमारे ४६० मीटरवर. ५० किलोमीटरला ५० मीटर उतार चालला असता, इथे तो ११० मीटरच्या आसपास जातो. शिवाय दोन्ही गावांतील सरळ अंतर ४४ किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त. म्हणून या मार्गावर कोणी ५० किलोमीटरची कितीही चांगली वेळ दिली तरी ती त्या मार्गाची वेळ राहील, ५० किलोमीटरचा विक्रम होणार नाही. तोच धावपटू पैठणला वळसा घालून त्याच रस्त्याने परत आला तर या दोन्ही अडचणी सुटतात. विक्रमाचा विचार असणाऱ्या आयोजकांनी जाऊन-येऊन मार्ग किंवा लहान लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायचा बंद मार्ग, निवडावा, हे त्यामुळेच.

लूपमध्ये मात्र छोटी चूक गुणली जाते. एक किलोमीटरचा लूप दोन मीटरने तोकडा असेल आणि धावपटूने दोनशे फेऱ्या मारल्या तर ४०० मीटर हवेतच राहतात. वळणावर खुणेसाठी ठेवलेले प्लास्टिकचे शंकू रात्री कोणी आत सरकवले तरी तेच होते. म्हणून वळणांवर खडूने किंवा रंगाने खूण करून सुरुवातीला आणि शेवटी वेळेसह फोटो घ्यावेत.

क्रीडा संकुलातील ट्रॅक आहे म्हणजे तो ४०० मीटरच असेल असे गृहीत धरू नये. मातीच्या ट्रॅकवर चुन्याच्या रेषा दर वेळी नव्याने आखल्या जातात आणि त्या आखणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतात. आतल्या बाजूला उंच कड असेल तर कडेपासून ३० सेंटिमीटरवर आणि नुसती रेषा असेल तर रेषेपासून २० सेंटिमीटरवर लांबी मोजतात. हे काम पोलादी टेपने करावे, कापडी टेप ताणली जाते. ट्रॅकवर घड्याळाचे अंतर फेऱ्यांच्या हिशेबापेक्षा जास्त आले तर धावपटू नाराज होतो, त्याला समजावून सांगावे की दुसऱ्या लेनमधून पुढच्याला ओलांडताना प्रत्येक पूर्ण फेरीला सुमारे सात मीटर जादा पडतात, पण हिशेबात ४०० च धरले जातात.

पायरी ३: फेऱ्यांचा तक्ता

फेऱ्यांच्या शर्यतीत अंतर म्हणजे फेरीची लांबी गुणिले फेऱ्यांची संख्या, अधिक शेवटची अपुरी फेरी. सोरोकिन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये इटलीतील व्हेरोना येथे चोवीस तासांत ३१९.६१४ किलोमीटर अंतर कापले. या आकड्यातील शेवटचे मीटर अपुऱ्या फेरीच्या मोजणीतून येतात. वेळ संपल्याचा इशारा होताच प्रत्येक धावपटू जागेवर थांबतो किंवा आपला क्रमांक लिहिलेली पिशवी तिथे टाकतो, आणि पंच ते अंतर मोजतात. दाव्यात मीटरपर्यंतचा आकडा असेल आणि ही मोजणी झालेली नसेल तर फक्त पूर्ण झालेल्या फेऱ्या धराव्यात.

तक्त्यात प्रत्येक फेरीची घड्याळी वेळ हवी, नुसती एकूण बेरीज चालत नाही. धावपटूच्या अंगावरची चिप आणि ती वाचून वेळ नोंदवणारी जमिनीवरची मॅट असतील तर त्यांची मूळ यादी मागावी, आणि सोबत हाताने लिहिलेला तक्ताही असावा. एखाद्याच्या ४०० मीटरच्या फेऱ्या अडीच मिनिटांच्या आसपास चालल्या असताना मध्येच १ मिनिट १० सेकंदांची फेरी दिसली तर मॅटने दोनदा वाचले असण्याची शक्यता आधी तपासावी. मध्येच पाच मिनिटांची एक फेरी दिसली तर वाचन चुकले असेल किंवा धावपटू थांबला असेल, आणि निर्णय हाताच्या तक्त्यावरून किंवा चित्रीकरणावरून घ्यावा, धावपटूच्या किंवा त्याच्या मित्रांच्या आठवणीवरून कधीही घेऊ नये. रात्री दोन ते पाच या वेळात नोंद करणाऱ्यांनाही झोप येते, म्हणून पाळी बदलताना दोघांनी वेळ लिहून सह्या केल्या आहेत का ते पाहावे.

नीट ठेवलेली नोंद किती ओझे पेलू शकते याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होणारी ३,१०० मैलांची शर्यत आहे. ती एका इमारतसमूहाभोवतीच्या ०.५४८८ मैलांच्या पदपथावर ५,६४९ फेऱ्यांत पूर्ण होते. फिनलंडचे अश्प्रिहानल आल्तो यांनी २०१५ मध्ये ती ४० दिवस ९ तास ६ मिनिटे २१ सेकंदांत संपवली, आणि त्या वेळेमागे फेरीगणिक केलेली नोंद उभी आहे.

पायरी ४: घड्याळाची मूळ फाइल

ॲपमधील पानाचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नये. घड्याळात तयार झालेली मूळ फाइल मागावी, जी बहुतेक कंपन्यांच्या घड्याळांत फिट या स्वरूपात असते. जीपीएक्स फाइल ही साध्या मजकुराची असते आणि कोणत्याही संगणकावर उघडून तिच्यातील वेळा व बिंदू बदलता येतात, त्यामुळे ती मूळ फाइलसोबत जोड म्हणून ठीक आहे, एकटी पुरेशी नाही. फाइल मिळताच तिची एक प्रत न उघडता बाजूला ठेवावी आणि सर्व तपासणी दुसऱ्या प्रतीवर करावी.

फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवल्यावर भारतीय वेळ येते. पहाटे पाचला सुरू झालेले धावणे फाइलमध्ये आदल्या दिवशीच्या २३:३० ला सुरू झालेले दिसते. यावरून "तारीखच चुकीची आहे" असा आरोप करणाऱ्यांनी आधी ही बेरीज करावी. तसेच सुरुवातीचे काहीशे मीटर नकाशावर दिसत नसतील तर धावपटूने घराचा पत्ता लपवण्याची सोय वापरली असेल. विशेषतः धाविकांनी ती वापरलीच पाहिजे आणि त्यांच्याकडे घराचा ठावठिकाणा मागू नये. मूळ फाइल विश्वासातील एका व्यक्तीने पाहिली की काम भागते.

आता वेगाचा आलेख पाहावा. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर ते लिव्हरपूल या ५० मैलांच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या धाविकेच्या नोंदीत एक मैल १ मिनिट ४० सेकंदांत पार झालेला आढळला. हा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर होतो. वाटेत काही अंतर तिने गाडीतून कापले होते, तिला अपात्र ठरवण्यात आले आणि पुढे बारा महिन्यांची बंदी झाली. इतके ठळक उदाहरण क्वचितच हाती लागते. गाडी हळू चालवली किंवा सायकल वापरली तर वेग धावण्यासारखाच दिसतो, आणि तिथे पावलांची नोंद कामाला येते.

मिनिटाला किती पावले पडली याला कॅडेन्स म्हणतात. वेगाला कॅडेन्सने भागले की पावलाची लांबी मिळते. सहा मिनिटांत एक किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १६७ मीटर, आणि पावले १६५ पडली तर पाऊल सुमारे एक मीटरचे होते, जे अगदी स्वाभाविक आहे. चार मिनिटांत एक किलोमीटर, म्हणजे मिनिटाला २५० मीटर, आणि पावले मात्र ११० दिसत असतील तर पाऊल सव्वादोन मीटरचे होते, आणि दीडशे किलोमीटर धावून थकलेल्या माणसाचे पाऊल तेवढे पडत नाही. मात्र काही फाइलींत एकाच पायाची पावले नोंदलेली असतात, तिथे आकडा दुप्पट करून मग हिशेब करावा. ८२ हा आकडा पाहून दचकू नये, तो १६४ असतो.

२०१६ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत धावत पार करण्याचा एक प्रयत्न याच हिशेबावर तपासला गेला. घड्याळाच्या नोंदींत वेग आणि पावले यांचा मेळ बसत नव्हता, आणि नेमलेल्या तज्ज्ञांनी धावपटूला अनधिकृत साहाय्य मिळाल्याचा निष्कर्ष काढला. धावपटूने तो नाकारला. त्याच वर्षी दुसरे एक धावपटू पीट कॉस्टेलनिक यांनी सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हे अंतर ४२ दिवस ६ तास ३० मिनिटांत कापून १९८० पासून टिकलेला ४६ दिवस ८ तास ३६ मिनिटांचा विक्रम मोडला.

धावणे लांबले की फाइली तुटतात, बॅटरी संपते, दुसरे घड्याळ लावले जाते. तुटणे हा दोष नाही. पहिली फाइल जिथे आणि जेव्हा संपते तिथेच दुसरी सुरू होते का, एवढे पाहावे. पहिली गेवराईत संपून दुसरी वीस मिनिटांनी दहा किलोमीटर पुढे सुरू होत असेल तर त्या तुकड्यासाठी स्वतंत्र पुरावा मागावा, आणि तो नसेल तर तेवढे अंतर सिद्ध झाले नाही असे लिहावे. हृदयगतीची नोंद असल्यास उत्तम, पण ती नसणे संशयास्पद मानू नये. मनगटावरचे सेन्सर घामात आणि थंडीत चुकतात.

पायरी ५: माणसे, कागद आणि फोटो

यंत्राची नोंद आणि माणसाची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजेत. लांब मार्गासाठी धावपटूसोबत एक लॉगबुक असावे आणि वाटेतील साक्षीदारांनी त्यात वेळ, ठिकाण, नाव लिहून सही करावी. गिनेसकडे प्रवासाचे दावे पाठवताना लॉगबुक, साक्षीदारांची निवेदने, चित्रीकरण आणि जीपीएस नोंदी मागितल्या जातात. सुफिया खान यांनी सुवर्ण चतुर्भुज महामार्गाचे ६,००२ किलोमीटर ११० दिवस २३ तास २४ मिनिटांत धावून केलेला विक्रम गिनेसने नोंदवला. इतक्या लांब पल्ल्याची तयारी करणाऱ्याने या कागदपत्रांची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आपल्याकडे साक्षीदार मिळणे अवघड नाही. एसटी स्थानकावरील वाहतूक नियंत्रक, पेट्रोल पंपावरील कर्मचारी, पोलीस पाटील, सरपंच, दवाखान्यातील परिचारिका यांना आदल्या दिवशी सांगून ठेवले तर ते आनंदाने सही आणि शिक्का देतात. दिंड्यांना सरावलेल्या या प्रदेशात पायी जाणाऱ्याची विचारपूस केल्याशिवाय गाव त्याला पुढे जाऊ देत नाही, ही आपली जमेची बाजू आहे. नातेवाईक आणि सपोर्ट गाडीतील मित्र यांची साक्ष घ्यावी, पण स्वतंत्र साक्षीदारांत तिची गणना करू नये.

फोटो आणि चित्रफिती व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारख्या पाठवल्या की त्यांतील तारीख, वेळ आणि ठिकाणाची आतली माहिती निघून जाते. त्या डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगाव्यात किंवा फोनमधूनच पाहाव्यात. गाडी टोलनाक्यांवरून गेली असेल तर फास्टॅगच्या नोंदीवरून ती कधी कुठे होती हे कळते आणि लॉगबुकशी ताडून पाहता येते. टोलनाक्यावरचे किंवा पंपावरचे सीसीटीव्ही चित्रीकरण थोड्या दिवसांत पुसले जाते, म्हणून गरज वाटल्यास विनंती लगेच करावी.

थेट ठावठिकाणा दाखवण्यासाठी मोबाइलवरील सोय वापरावी. परदेशांतील धावपटू उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे नेतात, पण भारतात परवान्याशिवाय ती बाळगणे बेकायदा आहे आणि कोणी भेट म्हणून दिले तरी नेऊ नये. बालाघाटातील खोलगट भागांत मोबाइलची रेंज जाते, तिथे लॉगबुकच्या सह्या दाट ठेवाव्यात.

बारकाईने पाहिलेला एक फोटो काय करू शकतो हे दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये दिसले. जवळपास ९० किलोमीटरच्या या शर्यतीत १९९९ साली दिसायला सारखे असणारे दोन भाऊ वाटेत शौचालयात कपडे आणि चिप बदलून आळीपाळीने धावले आणि नवव्या क्रमांकाने पूर्ण केले. मॅटवरच्या वेळा व्यवस्थित होत्या. फोटोंत मात्र घड्याळ एकदा एका मनगटावर आणि एकदा दुसऱ्या मनगटावर दिसले. त्यामुळे फोटो तपासताना चेहऱ्यासोबत बूट, मोजे, घड्याळाची बाजू, क्रमांकाचा कागद आणि सावलीची दिशाही पाहावी.

पायरी ६: हे शक्य आहे का

हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा ठेवला आहे, कारण नवोदित पडताळणीकार याच प्रश्नाने सुरुवात करतो आणि मत बनवून बसतो. तुलनेसाठी आकडे जवळ असावेत. सोरोकिन यांचे चोवीस तासांतील अंतर म्हणजे एक संपूर्ण दिवस दर किलोमीटर सरासरी साडेचार मिनिटांचा वेग. दावा याच्या किती जवळ आहे, धावपटूच्या आधीच्या १० किलोमीटर, मॅरेथॉन आणि ५० किलोमीटरच्या वेळा काय सांगतात, उत्तरार्धात वेग कसा बदलला, हे पाहावे. अल्ट्रामध्ये उत्तरार्ध संथ होणे सर्वसाधारण आहे. तो अचानक वेगवान झाला तर चौकशीचे कारण आहे, निष्कर्षाचे नाही.

१९८३ मध्ये अथेन्स ते स्पार्टा या २४६ किलोमीटरच्या पहिल्या स्पार्टाथलॉनमध्ये यानिस कुरोस नावाचा फारसा माहीत नसलेला धावपटू २१ तास ५३ मिनिटांत पोहोचला. बाकीचे इतके मागे होते की त्याने संपूर्ण अंतर धावल्याबद्दल लोकांनी शंका घेतली. पुढच्या वर्षी तो २० तास २५ मिनिटांत पोहोचला, आणि त्याच १९८४ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याने सहा दिवसांच्या शर्यतीतला जॉर्ज लिटलवुड यांचा १८८८ पासूनचा विक्रम मोडला. स्पार्टाथलॉनची ती वेळ २०२३ मध्ये फोटिस झिसिमोपुलोस यांनी १९ तास ५५ मिनिटे ९ सेकंदांत मोडेपर्यंत टिकली. एखाद्या खेड्यातून आलेला, साध्या बुटांत धावणारा धावपटू अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला तर तो कुरोसही असू शकतो. त्याच्या ओळखीवरून नव्हे, कागदावरून निर्णय घ्यावा, आणि कागद अपुरे असतील तर नीट नोंदीसह पुन्हा धावण्याची संधी त्याला मिळवून द्यावी.

पायरी ७: विचारणा आणि अहवाल

शंका आल्यास ती आधी धावपटूलाच, खासगीत आणि लेखी विचारावी. प्रश्न नेमका असावा: "चौसाळ्याच्या पुढे ०२:१० ते ०२:३५ या वेळात पावलांची नोंद नाही, तेव्हा घड्याळ कोणाकडे होते?" उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत. गटात किंवा समाजमाध्यमांवर संशय व्यक्त करू नये. त्याने माणूस दुखावतो, साक्षीदार गप्प होतात आणि आरोप सिद्ध झाला नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा प्रश्नही उभा राहतो. धावपटूच्या जवळच्या मित्राने किंवा त्याच विक्रमाच्या आधीच्या मानकऱ्याने पडताळणी करू नये. पडताळणी करणारे शक्यतो दोघे असावेत आणि त्यांनी आपापली टिपणे स्वतंत्रपणे लिहून मग ताडून पाहावीत.

अहवालात खरे किंवा खोटे असे दोनच कप्पे ठेवू नयेत. अंतर, वेळ, सलगता आणि साहाय्याचा प्रकार या प्रत्येकासमोर "सिद्ध", "अंशतः सिद्ध" किंवा "पुरावा अपुरा" असे लिहून कारण द्यावे. "१०० पैकी ९० किलोमीटर निर्विवाद, उरलेल्या १० साठी स्वतंत्र पुरावा नाही" असे वाक्य धावपटूला न्याय देते आणि वाचणाऱ्यालाही नेमकी स्थिती सांगते. "पुरावा अपुरा" याचा अर्थ फसवणूक असा होत नाही, हे अहवालातच स्पष्ट लिहावे. कोणते नियम लावले, कोणत्या फाइली पाहिल्या आणि कोणाशी बोलणे झाले याची नोंद शेवटी जोडावी, साक्षीदारांचे फोन क्रमांक मात्र त्यात देऊ नयेत.

अहवालाची प्रत प्रथम धावपटूला द्यावी आणि त्याचे म्हणणे जोडूनच निकाल यादीत घालावा. मूळ फाइली, लॉगबुकच्या पानांचे फोटो आणि मोजमापाचे प्रमाणपत्र दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी तोच मार्ग अधिक वेगाने धावला किंवा नवा पुरावा घेऊन आला, तर यादीतील नोंद जुन्या कागदांवरून पुन्हा तपासता येईल आणि दुरुस्ती तारखेसह करता येईल.